पंचेचाळीस डिग्री, सव्वीस कुंड्या

पुण्या-मुंबईच्या बाल्कनीसाठी लिहिलेले बागकामाचे फंडे वर्ध्याच्या गच्चीवर मे महिन्यात पार करपतात. मग इथं जगतं काय? आणि रोज नागपूरला अप-डाउन करणाऱ्या माणसाला ते जमतं कसं?

वर्ध्यात कुंड्या पाळणाऱ्यांचे सरळसरळ दोन गट आहेत. एक, ज्यांच्या कुंड्यांनी मे महिना पाहिलाय. दुसरा, ज्यांच्या कुंड्यांनी तो अजून पाहायचाय. दुसऱ्या गटाचा उत्साह काय विचारता! जानेवारीत पिटुनिया येतात, डेलिया येतात, शेवंती येते, झालंच तर एखादं बोन्साय. फोटो निघतात, ऑफिसभर दाखवले जातात. आणि एप्रिल संपता संपता त्याच कुंड्या जिन्याखाली उलट्या पडलेल्या असतात. मालक सांगतो, 'यार, माझ्या हाताला झाडं लागतच नाहीत.'

हाताचा काही संबंध नाही, बॉस. संबंध कॅलेंडरचा आहे.

बागकामाची बहुतेक पुस्तकं मार्चकडे 'वसंत आला, पेरा' अशा नजरेनं बघतात. ज्या गावात उन्हाळा छत्तीस-अडतीसवर थांबतो तिथं ते ठीकच आहे. आपल्याकडे मार्चमध्ये पेरलेलं रोप जेमतेम वीतभर होतं आणि समोर ४५ डिग्री उभे राहतात. वरून ती कोरडी झळ. म्हणून वर्ध्यातलं बागेचं वर्ष जूनमध्ये, मृगाला सुरू होतं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आपण फ्लॅटवाले मात्र जानेवारीत नर्सरीत जातो, कारण तेव्हा तिथं सगळं छान दिसतं.

माझी ओळख थोडक्यात. नोकरी नागपूरला, घर वर्ध्यात, रामनगरात. घर म्हणजे गच्चीवरची एक खोली, एवढंसं किचन आणि बाकी सगळी गच्ची. खाली घरमालकीण काकू. सकाळची गाडी पकडायची, संध्याकाळी परतायचं, घरी यायला आठ वाजतात. झाडांच्या वाट्याला सकाळची बारा मिनिटं आणि रविवार. या बारा मिनिटांत जे बसतं तेच माझ्याकडे आहे. सव्वीस कुंड्या बसतात.

काकूंची अट

पहिल्या पाच कुंड्या वर आल्या तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून जिन्यात उभ्या होत्या. 'हे पाय पोरी, गच्ची गळली तं पानी माझ्या कपाटावर येईन. एक थेंब जरी दिसला तं सगळं खाली. कबूल?'

कबूल न करून सांगते कोणाला! पण काकूंची भीती काही खुळी नव्हती. लोकांना जाता-येता येईल अशी गच्ची बांधताना, भारतीय मानकांनुसार, दर चौरस मीटरला साधारण १५० किलो वापराचं वजन धरतात. बारा इंची कुंडी ओल्या मातीनं भरली की सहज वीस किलोच्या घरात जाते. अशा नऊ-दहा कुंड्या खेटून ठेवल्या तर हिशेब तिथंच ओलांडला. उपाय सोपा आहे. कुंड्या कठड्याच्या भिंतीला लागून, खालच्या भिंतींच्या आणि बीमच्या रेषेत ठेवायच्या, गच्चीच्या मधोमध कधीच नाही. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा, म्हणजे खालून हवा खेळते आणि ओल साचत नाही. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी पन्हाळाचं तोंड स्वतः हात घालून साफ करायचं. घर जुनं असेल तर मात्र आधी इंजिनीअरला विचारा, नर्सरीवाल्याला नको.

जुलैत काकूंच्या छताला ओल आलीच. थाळीएवढा काळपट डाग. मी मनातल्या मनात कुंड्या वाटूनही टाकल्या होत्या: मोगरा मैत्रिणीकडे, टोमॅटोची रोपं शेजारी. प्लंबर आला, त्यानं गच्चीवर एक चक्कर मारली आणि पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपचा फुटलेला सांधा दाखवला. कुंड्या त्या जागेपासून दहा फूट लांब होत्या. काकू काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, 'तो पुदिना देशीन का थोडा?'

शेतातलं सोनं, कुंडीतला दगड

वर्धा म्हणजे कपाशीचा मुलूख, आणि कपाशीचा मुलूख म्हणजे काळी माती. म्हणून आपल्याला वाटतं, माती आहेच की घरची! पण शेतात सोनं असलेली ही माती कुंडीत दगड होते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच कारणानं. कुंडीत भेग पडायला जागा नसते, म्हणून मातीचा अख्खा गोळा कडेपासून सुटतो. तुम्ही गाडीच्या घाईत वरून मगभर पाणी ओतता. ते कडेच्या फटीतून सरळ खाली उतरतं, भोकातून बाहेर येतं. पाणी बाहेर आलं म्हणजे झाड भरपूर प्यायलं, असं समजून तुम्ही ऑफिसला जाता. मधला गोळा कोरडा ठणठणीत! उन्हाळ्यात रोज पाणी घालूनही वाळलेल्या बऱ्याच झाडांची केस हीच असते.

अशी कुंडी दिसली तर उचलून अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा. बुडबुडे थांबले की समजा आतपर्यंत भिजली. आणि पुढच्या वेळी मिश्रण बदला: एक भाग काळी माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, थोडी जाड रेती आणि मूठभर निंबोळी ढेप. हे मिश्रण नुसत्या मातीपेक्षा हलकंही होतं, म्हणजे काकूंचाही प्रश्न सुटतो.

खताचं सांगायचं तर विकत कमी आणा. भोकं पाडलेला जुना माठ, त्यात भाजीची सालं, चहाचा चोथा आणि प्रत्येक थरावर वाळका पाला. वास येतोय? मग ओलं जास्त झालंय, अजून पाला घाला. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीचा वास असलेलं खत तयार होतं. 'पण हे घरी कुठं जमतं' म्हणणाऱ्यांनी मुंबईची गोष्ट ऐकावी. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कॅन्टीनमध्ये रोज निघणाऱ्या ओल्या कचऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न तिथल्या प्रीती पाटील यांच्यापुढे होता. २००२ च्या सुमारास त्यांनी तो कचरा कॅन्टीनच्याच गच्चीवर जिरवायला सुरुवात केली आणि त्यावर फळझाडं, भाज्या उभ्या केल्या. त्यामागची पद्धत होती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांची. हे गणिताचे प्राध्यापक. पाला, माती आणि सूर्यप्रकाश यांचा हिशेब त्यांनी घरापुरता करून दाखवला होता. आपल्या एका माठाला घाबरायचं कारण नाही.

बापूंचे मायक्रोग्रीन्स

आता मुद्द्याचं. कुंडीत काय लावलं तर कष्ट वसूल होतात? सगळ्यांना टोमॅटो हवा असतो. पण नोकरीवाल्या माणसाची खरी भाजी पालेभाजी! टोमॅटोचं रोप तीन महिने तुमची मनधरणी मागतं आणि मग दोन भाज्यांपुरती फळं देतं. मेथी तीन-चार आठवड्यांत ताटात. पालक महिन्याभरात पहिल्यांदा कापायचा, मुळं ठेवायची, मग तीन-चार वेळा परत कापायचा. सांभाराला थोडा धीर लागतो. (पुण्याच्या वाचकांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर. वर्ध्यात येऊन भाजीवालीकडे कोथिंबीर मागितलीत तर मिळेल, पण तुम्ही पाहुणे आहात हे तिला कळेल.) धणे पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करा. प्रत्येक फाकीतून वेगळं रोप येतं.

पावसाळ्यात अंबाडी लावा. जूनमध्ये टाकलेलं बी महिन्या-दीड महिन्यात खुडायला येतं. अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या ही काही हॉटेलात मिळणारी गोष्ट नाही. शिवाय घोळ तर न लावताच कुंड्यांतून उगवते. तण म्हणून उपटायची आणि डाळीत टाकायची, एका कामात दोन कामं.

या पालेभाजीच्या प्रेमाला वर्ध्यात जुनी परंपरा आहे. १९३५ मध्ये गांधीजी वर्ध्याच्या मगनवाडीत राहायला आले आणि आपल्या आहाराचे प्रयोग तिथंही सुरू ठेवले. त्याच वर्षी त्यांनी 'हरिजन'मध्ये हिरव्या पानांवर लेख लिहिला. मोहरीची, शेपूची, गाजर-मुळ्याची, शलगमची, अगदी वाटाण्याची पानं त्यांनी कच्ची खाऊन पाहिली होती. जी पानं आपण गुरांपुढे टाकतो त्यांतच पोषण आहे, असा त्यांचा रोख होता. मगनवाडीतल्या मंडळींच्या ताटात कडुलिंबाच्या पाल्याची चटणीही असायची, आणि ती सगळे हसत खात असतील असं मला तरी वाटत नाही. पण आज मॉलमध्ये छोट्या डबीत महागड्या भावानं 'मायक्रोग्रीन्स' म्हणून जे मिळतं, तो मोहरी-मुळ्या-वाटाण्याचा कोवळा पालाच की! घरात मोहरीचा डबा आहे, एक पसरट ट्रे आहे, आठ-दहा दिवस आहेत. झालं.

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि त्यातून 'नई तालीम' उभी राहिली. हातानं काम करत शिकायचं, हा तिचा गाभा. सूतकताईबरोबर शेती आणि भाजीची बागही त्यात आली. वाफा मोजताना गणित, खत कुजताना विज्ञान. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेतली मुलं आजही भाजीची बाग करतात. आपण एमबीए वगैरे करून वांग्याच्या रोपाला किती पाणी लागतं ते गुगलला विचारतो. असो.

हिवाळा सोपा आहे, त्याच्यावर शब्द घालवत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वांगी-टोमॅटोची रोपं तयार करा, ऑक्टोबरात कुंडीत लावा, आधाराला तुराट्या खोचा. डिसेंबर ते फेब्रुवारी खा. झेंडू दसऱ्याला हवा असेल तर रोपं जुलैअखेर लागायला हवीत, दिवाळीला हवा असेल तर ऑगस्टअखेर. मार्चमध्ये टोमॅटोची फुलं गळायला लागली की खत-औषध करत बसू नका. दिवसा पस्तीसच्या वर आणि रात्रीही उकाडा असला की फळधारणा होतच नाही. झाडाला नमस्कार करा, कापा, माठात टाका.

मे, द रिअल बॉस

एप्रिलमध्ये मी कुंड्यांची छाननी करते. ज्या झाडाला मे झेपत नाही त्याच्यावर पाणी घालवायचं नाही. हा कठोरपणा नाही, हिशेब आहे. मे महिन्यात माझ्या गच्चीला रोज दोन-अडीच बादल्या पाणी लागतं, आणि ज्यांच्याकडे नळ एक दिवसाआड येतो त्यांना बादली म्हणजे काय ते सांगायला नको.

उन्हात दिमाखात राहतो तो मोगरा. खरं तर त्याला हेच ऊन हवं असतं. जानेवारीच्या शेवटी छाटणी, पंधरा दिवस पाणी कमी, मग शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चपासून फुलं. बोगनवेल, सदाफुली आणि पोर्च्युलाका यांनाही काही होत नाही. पोर्च्युलाकाला घरोघरी 'ऑफिस टाइम' म्हणतात, कारण ऊन वर आलं की उमलतो आणि दुपारनंतर मिटतो. माझ्या ऑफिसपेक्षा त्याचे तास बरे आहेत.

बाकीच्यांसाठी पश्चिमेच्या बाजूनं पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी. फक्त वरून नाही, उभीसुद्धा. कारण मारतं ते दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन. कुंड्या एकमेकींना खेटून, मोठ्या बाहेर, लहान आत. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या उन्हात एवढ्या तापतात की आतली मुळं शिजतात. त्यांना पांढरा चुना फासा किंवा पोत्यात गुंडाळा. मातीवर दोन बोटं जाडीचा थर सोयाबीनच्या कुटाराचा. विकतचं फॅन्सी मल्च लागत नाही, कुटार गावाकडून पोतंभर येतं. पाणी सकाळी सातच्या आत किंवा सूर्य बुडाल्यावर. दुपारी पानं मान टाकतात ती बरेचदा फक्त उन्हामुळे. संध्याकाळी आपोआप उभी राहतात. आधी मातीत बोट घालून बघा, मग ठरवा.

आणि कूलर! विदर्भात कूलरशिवाय घर नाही आणि कूलरचं उरलेलं पाणी झाडांना घालायचा मोह सगळ्यांनाच होतो. करू नका. कूलर पाण्याची वाफ करतो, पण पाण्यातले क्षार वाफ होऊन जात नाहीत. ते टाकीतच साठत जातात. ताट्यांवर, जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच तुम्ही कुंडीत ओतता. पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपायला लागतात. एसीच्या नळीतून पडणारं पाणी मात्र चालतं. ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतातच. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी तर बिनधास्त घाला.

लग्नसराईत आठवडाभर गावाला जायचंय? माझा भरवसा दोन गोष्टींवर. मोठ्या कुंडीत एक छोटं, न रंगवलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर झाकण. मातीतून पाणी पाझरत राहतं, आणि माती जेवढी कोरडी तेवढं जास्त पाझरतं. लहान कुंड्यांसाठी बादली आणि सुती वात. वातीचं एक टोक पाण्यात, दुसरं मुळांजवळ. कापूस आपल्याकडचाच.  सगळं जिन्याच्या सावलीत हलवून गेलात तर आठवडा निघतो. गेल्या मेमध्ये मी सहा दिवस पुण्याला होते. परत आले तेव्हा सव्वीसपैकी पंचवीस हिरव्या होत्या. सव्वीसावा पुदिना काकूंच्या चटणीत गेला होता.

घरातल्या झाडांबद्दल एकच. स्नेक प्लांट, मनी प्लांट जरूर ठेवा, दोन्ही कमी उजेडात आणि कमी पाण्यात तगतात, सुट्टीवर गेलात तरी रुसत नाहीत. पण 'हवा शुद्ध करतात' म्हणून चार पैसे जास्त देऊ नका. ती गोष्ट नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून आली आणि तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचा नव्यानं हिशेब मांडला तेव्हा दिसलं की, खिडकीतून जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम झाडांनी साधायचा तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. म्हणजे टेबलवर झाड आणि कॉम्प्युटर जिन्यात. त्यापेक्षा खिडकी उघडा. आणि कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओता. डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं.

दोन वायगाव

एक झाड मुद्दाम शेवटी ठेवलं. ते आपलं जिल्ह्याचं आहे.

वर्धा जिल्ह्यात दोन वायगाव आहेत. एक वर्धा तालुक्यातलं, वायगाव निपाणी. दुसरं समुद्रपूर तालुक्यातलं, वायगाव हळद्या. नावातच सगळं आलं. इथल्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हळदीला रंग आणि औषधी गुण देणारं कुरकुमीन तिच्यात सहा टक्क्यांच्या आसपास असतं, बाजारातल्या पुष्कळ हळदींपेक्षा जास्त. काकूंचं माहेर समुद्रपूरकडचं. मागच्या उन्हाळ्यात त्या माहेरून येताना पिशवीतून बेणं घेऊन आल्या आणि माझ्यापुढे ठेवलं. 'एवढं मेथी-पालक करून राहिली तं हे पन लाव.'

हळद म्हणजे अप-डाउनवाल्यांचं आदर्श पीक. चौदा इंची पसरट कुंडी, डोळे वर करून दोन इंच खोल, जूनच्या पहिल्या पावसात. अर्धी सावली तिला आवडते, म्हणून जाळीखालची जागा चालते. पाणी साचू द्यायचं नाही, गणपतीच्या आसपास मुठीनं शेणखत आणि वरून मातीची भर. नऊ महिने ती फार काही मागत नाही. आणि गंमत अशी, की जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून वाळतात आणि हळद जमिनीखालून आपल्या हातात येते. एप्रिल-मेमध्ये ती उन्हात नसतेच! बेणं होऊन घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात, वाळक्या पानांखाली झोपलेलं असतं. सगळे बाकीचे मे महिन्याशी भांडत असतात, हळद तेवढा वेळ रजा टाकते.

या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, कुंडी पेपरवर उपडी केली. काट्यावर अर्ध्या किलोला थोडं कमी भरलं. एका कुंडीतून, एका तुकड्याचं. काकू खाली बसल्या आणि गड्डे वेगळे करायला लागल्या. जाडे जेठे गड्डे एकीकडे, ते पुढच्या जूनचं बेणं. बोटांएवढी हळकुंडं दुसरीकडे. त्यांची आम्ही उकळून-वाळवून पावडर वगैरे काही करत बसलो नाही. लिंबू, आलं, मीठ घालून ओल्या हळदीचं लोणचं घातलं, दोन बरण्या झाल्या, एक ऑफिसात नेली तर लंच टाइममध्येच संपली.

बेण्याची टोपली आता काकूंच्या देवघराखाली आहे. येत्या मृगाला त्यांना स्वतःच्याही दोन कुंड्या हव्यात. 'भिंतीला लावून ठेवजो,' त्या मला बजावतात, 'मधात नको ठेवू, गच्चीवर वजन येते.'